स्प्रिंगा कडक केल्या, मग गाडी का बिथरली? स्पोर्ट्‌स कारचं सस्पेन्शन सोप्या भाषेत

हौसेनं जुनी स्पोर्ट्‌स कार घेतलेल्या माणसाचा पहिला मोठा खर्च बऱ्याचदा इंजिनाऐवजी सस्पेन्शनवर होतो. जाहिरात असते, ‘गाडी ३० मिलिमीटर खाली, स्प्रिंगा ३० टक्के कडक’. शेजारच्या फोटोत चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट गायब झालेली असते आणि गाडी खरोखर देखणी दिसत असते. चार स्प्रिंगा बसतात, गाडी रस्त्यावर येते आणि मालक गोंधळतो. वळणावर ती पूर्वीपेक्षा कमी झुकते हे खरं, पण वळणात जरा खडबडीत भाग आला की बाजूला उडी मारते. पुलाच्या सांध्यावर कण्यात दणका बसतो. महामार्गावर मागचा भाग थोडा वेळ डोलतच राहतो. पैसे तर सुधारणेसाठी मोजले होते.

असं का होतं, हे समजायला फार गणित लागत नाही. मात्र स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकाला वर-खाली हलायला मिळणारी जागा या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. बाजार आपल्याला पहिल्या गोष्टीचा आकडा सांगतो, दुसरीचा ब्रँड सांगतो आणि तिसरीबद्दल बहुधा काहीच सांगत नाही. माझ्या मते निम्म्याहून जास्त बिघाड त्या तिसऱ्या गोष्टीत दडलेला असतो.

उदाहरणासाठी एकच गाडी धरू या, माझदा एमएक्स-५, म्हणजेच मिआटा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजनाला हजार किलोच्या आसपास आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आडव्या त्रिकोणी भुजांनी धरलेलं. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पण अमेरिका, युरोप, जपानमध्ये ती भरपूर खपली, आणि तिकडे राहणारा एखादा मराठी इंजिनिअर पहिली हौसेची गाडी शोधू लागला की ती त्याच्या यादीत असतेच. गाडी हलकी आणि साधी असल्यामुळे तिच्यात केलेला प्रत्येक बदल, चांगला असो की वाईट, चालवणाऱ्याला लगेच जाणवतो.

स्प्रिंगचं काम वेगळं, शॉकअपचं वेगळं

बँकेच्या किंवा ऑफिसच्या काचेच्या दाराला वर एक डोअर क्लोजर बसवलेला असतो. त्याच्या आत एक स्प्रिंग असते आणि तेल असतं. दार परत ढकलण्याचं काम स्प्रिंग करते. ते किती वेगानं परत यावं हे तेल ठरवतं, कारण दार हललं की त्या तेलाला बारीक भोकातून वाट काढावी लागते. तेल गळून गेलं की दार धाडकन आपटतं. स्क्रू फार आवळला की दार अर्ध्यावर रेंगाळतं. गाडीच्या चाकावर जवळपास हीच यंत्रणा असते, फक्त स्प्रिंग आणि तेलाची नळी वेगवेगळी दिसते. त्या नळीला आपण शॉक ॲब्सॉर्बर म्हणतो आणि गॅरेजमध्ये शॉकअप.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. उभ्या गाडीत शॉकअप जवळजवळ काहीच पेलत नाही. त्याच्या आतला दट्ट्या हलू लागला तरच तो विरोध करतो, आणि जितक्या वेगानं हलेल तितका जास्त. खड्ड्यातून उसळलेल्या चाकाची ऊर्जा स्प्रिंग फक्त साठवते आणि परत देते. ती संपवतो शॉकअप, तेलात उष्णता करून. खराब रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवल्यावर शॉकअपची नळी तापते, ती याच कारणानं.

शॉकअपबद्दलच्या चर्चेत ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ हे शब्द सतत येतात. तिथे वेग गाडीचा नसतो, दट्ट्याचा असतो. वळणावर गाडी कलते किंवा ब्रेक लावल्यावर नाक खाली घालते तेव्हा दट्ट्या सावकाश सरकतो. चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा तो झटक्यात सरकतो. चांगल्या शॉकअपमध्ये सावकाश हालचालीला पुरेसा विरोध असतो, पण झटका बसला की आतल्या पातळ पोलादी चकत्या वाकतात आणि तेलाला मोठी वाट करून देतात. म्हणून गाडी वळणावर ठाम राहते आणि खड्ड्यात हाडं खिळखिळी करत नाही. स्वस्त, नुसत्या कडक शॉकअपला हा फरक करता येत नाही. दोन्ही वेळी तो सारखाच आडमुठा वागतो.

‘किती कडक’ हे मोजायचं कसं

कॅटलॉगमध्ये स्प्रिंगचा कडकपणा ‘एक मिलिमीटर दाबायला इतके किलो’ असा दिलेला असतो. आकडा बरोबर असला तरी तेवढ्यावरून गाडी कशी चालेल ते कळत नाही, कारण स्प्रिंग बहुतेक गाड्यांत थेट चाकावर बसलेली नसते. ती भुजेच्या मधोमध कुठेतरी असते. समजा चाक १० मिलिमीटर वर आलं की स्प्रिंग ७ मिलिमीटर दबते. मग दाबही कमी आणि तरफेमुळे चाकापर्यंत पोचणारा जोरही कमी. म्हणजे चाकाला जाणवणारा कडकपणा ०.७ गुणिले ०.७, जेमतेम निम्मा. म्हणून मित्राच्या बीएमडब्ल्यूतल्या स्प्रिंगचा आकडा मिआटाशी ताडून काही हाती लागत नाही.

इंजिनिअर त्याऐवजी एक वेगळा आकडा बघतात. गाडी त्या स्प्रिंगांवर मोकळी सोडली, तर ती सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल? हे झालं हर्ट्झमधलं माप. आरामशीर घरगुती गाडी एक ते सव्वा हर्ट्झच्या आसपास असते, रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार साधारण दीड ते दोनच्या दरम्यान. हवेच्या दाबावर जमिनीला चिकटणाऱ्या रेसगाड्या तीन आणि त्याहून पुढे जातात.

हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा एक सरळ मार्ग आहे. गाडीच्या वजनानं चाकापाशी सस्पेन्शन किती दबून बसतं, यावर तो थेट अवलंबून असतो. एक हर्ट्झ म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर दबणं, दीड हर्ट्झ म्हणजे ११, दोन हर्ट्झ म्हणजे जेमतेम ६. एक ते दोन हा प्रवास कागदावर छोटा वाटतो, पण त्यात कडकपणा चौपट झालेला असतो. शिवाय उभ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला चार ते आठ वेळा येणारे हादरे माणसाच्या शरीराला सगळ्यात जास्त बोचतात. स्प्रिंगा कडक करत जाणं म्हणजे त्या पट्ट्याच्या दिशेनं सरकणं.

फक्त स्प्रिंगा बदलल्या तर?

स्प्रिंग कडक झाली की तिची उसळी आवरायला शॉकअपही तेवढ्या ताकदीचा लागतो. पण इथे हिशेब वर्गमुळाचा आहे. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर शॉकअपचा विरोध सुमारे ४१ टक्क्यांनी वाढायला हवा. ३० टक्के कडक केली तर साधारण १४ टक्क्यांनी. म्हणजे जाहिरातीतली ३० टक्के कडक स्प्रिंग चांगल्या, ताज्या शॉकअपवर बसवली तर तेवढ्यानं काही आकाश कोसळत नाही.

अडचण अशी की ते ताजे नसतात. तीस वर्षांच्या गाडीत मूळचे शॉकअप असतील तर ते कधीच थकलेले असतात. हे थकणं इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. त्याचा हात आणि पाय नकळत जुळवून घेतात. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते बघायचं, ही तपासणी सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला सापडत नाही, कारण हातानं दाबून चाकाला खड्ड्यातला वेग देताच येत नाही.

शॉकअपचं आणखी एक काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. टायर आणि गाडीची स्प्रिंग यांच्यामध्ये चाक अडकलेलं असतं आणि ते स्वतःच्या ठेक्यात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकतं. शॉकअप दुबळा असेल तर खडबडीत रस्त्यावर चाक क्षणभर जमीन सोडतं, परत टेकतं, परत सोडतं. जमीन सुटलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येतं. त्यामुळे थकलेला शॉकअप हा आरामापेक्षा सुरक्षेचा प्रश्न आहे.

खरा तोटा जागेचा

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येऊ. गाडी समतल जागी उभी असताना चाकाला वर जायला ठरावीकच जागा उरलेली असते. ती संपली की बंप स्टॉप लागतो. शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला रबराचा किंवा फोमचा तो ठोकळा लोखंडावर लोखंड आपटू देत नाही.

समजा ही जागा ६० मिलिमीटर आहे. गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली की ती निम्मी राहिली. दबत जाणारी स्प्रिंग जी ऊर्जा पोटात घेते ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून जागा निम्मी झाली की क्षमता चौथाईवर येते. तुमची नवी स्प्रिंग ३० टक्के कडक आहे म्हणून थोडी भरपाई होते, तरीही शॉकअपचा वाटा बाजूला ठेवला तर मूळच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी धक्का ती झेलू शकते. पूर्ण भरपाई करायची तर स्प्रिंग चौपट कडक लागेल, आणि तशी गाडी कुणी रस्त्यावर चालवू शकणार नाही.

उरलेला धक्का जातो बंप स्टॉपवर. पुलाच्या सांध्यावर कण्याला जाणवलेला दणका बहुतेकदा स्प्रिंगचा नसतोच, तो या ठोकळ्याचा असतो. वळणात तर प्रकरण गंभीर होतं. गाडी बाहेरच्या बाजूला कलल्यामुळे त्या बाजूची चाकं आधीच वर दबलेली असतात. त्यात एक उंचवटा आला आणि पुढचं बाहेरचं चाक ठोकळ्यावर टेकलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कित्येक पटींनी वाढतो. पुढची पकड ढासळते आणि गाडी वळायची सोडून सरळ जाऊ बघते. हेच मागच्या चाकाचं झालं तर शेपूट सुटते, तीही सूचना न देता. ‘गाडी बाजूला उडी मारते’ या तक्रारीत मला पहिला संशय याचाच येतो.

पहिल्या पिढीच्या मिआटामध्ये ही वरची जागा मुळातच तुटपुंजी होती. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत शॉकअपच्या वरच्या माउंटिंगची, म्हणजे शॉकअप गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो त्या भागाची, रचना बदलली आणि थोडी जास्त जागा मिळाली. पहिल्या पिढीचे जाणकार मालक म्हणूनच दुसऱ्या पिढीची माउंटिंग शोधून आपल्या गाडीला लावतात. दिसायला तो बदल काहीच नाही. चालवताना मात्र महागड्या स्प्रिंगांपेक्षा जास्त फरक पडतो.

तुमच्या गाडीत किती जागा शिल्लक आहे ते स्वतः तपासता येतं. शॉकअपचा चकचकीत दांडा जिथे नळीत शिरतो तिथे एक झिप टाय आवळून बसवा आणि नळीच्या तोंडाशी टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावरून एक फेरी मारून या. दांडा नळीत जाताना झिप टाय वर सरकतो आणि सगळ्यात मोठा धक्का जिथपर्यंत गेला तिथे थांबतो. तो दर वेळी बंप स्टॉपला भिडलेला सापडला, तर आणखी कडक शॉकअप घेऊन उपयोग नाही. गाडी थोडी वर उचलायला हवी, किंवा खाली घेतलेल्या गाडीसाठी बनवलेले आखूड नळीचे शॉकअप लावायला हवेत. काही लोक जागा मिळवायला बंप स्टॉपच कापून टाकतात. तसं केलं की दट्ट्या थेट शॉकअपच्या तळाशी आपटतो आणि शॉकअप फुटतो.

पण गाडी खाली आली की पकड वाढतेच ना?

वाढते, पण किती ते पाहू. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो हे चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळणाचा जोर, वजनाच्या मध्यबिंदूची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. या यादीत स्प्रिंग नाही. हजार किलोची गाडी, उंची ४५ सेंटिमीटर, चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट धरला, तर सुमारे २९० किलो भार बाहेर जातो. स्प्रिंगा कितीही कडक करा, तो तेवढाच जाणार. गाडी कमी झुकलेली दिसते म्हणून भार कमी सरकला असं वाटतं, पण ते खरं नाही.

आता गाडी ३० मिलिमीटर खाली घ्या. हाच आकडा २७० वर येतो. फायदा खरा आहे, वीस किलोचा. ट्रॅकवर सेकंदाच्या अंशासाठी झगडणाऱ्याला तो हवाच असतो. रोजच्या रस्त्यावर त्यासाठी चाकाची निम्मी जागा देणं मला परवडणारं वाटत नाही. ज्या गाड्यांना पुढे स्ट्रट असतो, म्हणजे वरची भुजाच नसून शॉकअपची नळीच चाकाला उभं धरते, त्यांच्यात तर उलटंही घडू शकतं. फार खाली घेतल्यावर भुजांचे कोन असे बदलतात की गाडीला कलवणारा जोर वाढतो, आणि तो आवरायला परत कडक स्प्रिंगा लागतात. पोर्श ९११ च्या बहुतेक पिढ्यांना पुढे स्ट्रटच आहे, म्हणजे हा प्रश्न फक्त स्वस्त गाड्यांचा नाही.

मग स्प्रिंगा बदलून हाती काय येतं? दोन गोष्टी. गाडी कमी कलते, त्यामुळे टायर रस्त्याला जास्त सपाट टेकतो आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी चटकन प्रतिसाद देते. दुसरं म्हणजे तो २९० किलोचा भार पुढच्या आणि मागच्या जोडीत कसा वाटला जावा, हे स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं आवरणारी दांडी) मिळून ठरवतात. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या टोकाला जास्त कडक कराल त्या टोकाची पकड तुलनेनं घटते. पुढे कडक केलं तर गाडी वळायला आळस करते, मागे कडक केलं तर शेपटीकडून चपळ होते, प्रसंगी नको तितकी. किट निवडताना चारही स्प्रिंगा एकाच जाणत्या माणसानं एकत्र जुळवलेल्या असाव्यात, तो आग्रह यासाठी.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांच्या ठेक्यालाही एक जुना नियम आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ओली या इंजिनिअरनं तो मांडला. उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. मिआटाच्या दोन चाकांमध्ये २,२६५ मिलिमीटर अंतर आहे, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगात मागचं चाक सेकंदाच्या दहाव्या भागानंतर तिथे पोचतं. मागच्या स्प्रिंगांचा ठेका पुढच्यापेक्षा जरा जलद ठेवला तर मागचा भाग उशिरा हलायला लागूनही पुढच्याला गाठतो, आणि गाडी नाक-शेपूट असं न डोलता सपाट वर-खाली होऊन शांत होते. पुढच्या स्प्रिंगा मनाला येईल तशा कडक केल्या की हे गणित मोडतं. महामार्गावरच्या त्या डोलण्याचं, थकलेल्या शॉकअपच्या जोडीनं, हेही एक कारण असतं.

रेसच्या गाड्या तर दगडासारख्या कडक असतात, मग त्यांचं काय?

त्यांचे रस्ते गुळगुळीत असतात. टायर वेगळे असतात. आणि त्यातल्या अनेकांना हवा खाली दाबत असते. तो दाब शेकडो किलोंचा झाला की मऊ स्प्रिंगा बसकण मारतील आणि गाडीचा तळ जमिनीला लागेल, म्हणून त्यांना कडक असावंच लागतं. आपल्या गाडीवर हवेचा असा दाब नाही आणि आपला रस्ता ट्रॅक नाही.

स्पोर्ट्‌स कारच्या इतिहासात उलट दिशेचं मोठं उदाहरण आहे. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांची १९६२ ची एलान ही हलकी गाडी मऊ स्प्रिंगा, चाकाला भरपूर हालचाल आणि काळजीपूर्वक जुळवलेले शॉकअप यांवर उभी होती, आणि चपळाईसाठी तिचं नाव आजही घेतात. मिआटा बनवणाऱ्यांसमोर ज्या ब्रिटिश गाड्यांचा आदर्श होता त्यांत एलान अग्रभागी होती. कडक गाडी वेगवान ‘वाटते’, कारण प्रत्येक खडा पाठीपर्यंत पोचतो. टायर रस्त्याला चिकटून ठेवणारी गाडी खडबडीत रस्त्यावर खरोखर वेगवान असते.

शॉकअप घेताना

म्हणून माझा क्रम असा. पैसे मोजकेच असतील तर आधी उत्तम शॉकअप घ्या, त्यांच्याबरोबर नवे बंप स्टॉप आणि माउंटिंगचे नवे रबर. स्प्रिंगा मूळच्याच राहू द्या, किंवा थोड्या कडक, गाडी फार तर १५-२० मिलिमीटर खाली आणणाऱ्या घ्या. माझदानं स्वतः हा मार्ग दाखवला आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत विकलेल्या आर पॅकेज मिआटाला कारखान्यातूनच बिल्स्टीनचे शॉकअप आणि त्यांना जुळणाऱ्या कडक स्प्रिंगा होत्या.

शॉकअप दोन प्रकारचे दिसतील. ट्विन-ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी नळी असते. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, आणि तेलाखाली मोठ्या दाबाचा नायट्रोजन वायू, मध्ये तरंगती चकती. त्या दाबामुळे जोरात काम करताना तेलाला फेस येत नाही. ही कल्पना फ्रान्सच्या दे कार्बों यांची. जर्मनीच्या बिल्स्टीननं ती मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी १९५० च्या दशकात कारखान्यापर्यंत नेली. मोनोट्यूब जास्त चांगले असा एक समज आहे, पण तो सरसकट खरा नाही. चांगल्या व्हॉल्व्हचा ट्विन-ट्यूब वाईट व्हॉल्व्हच्या मोनोट्यूबपेक्षा कधीही बरा.

ॲडजस्ट करता येणारे शॉकअप मोहात पाडतात. त्यांच्या स्क्रूची प्रत्येक खूण काहीतरी बदलते, पण स्प्रिंगला साजेसा पट्टा त्यातला छोटासाच असतो. कंपनीनं सुचवलेल्या खुणेपासून सुरुवात करा. सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे दांडा बाहेर येतानाचा विरोध फार वाढवणं. मग लागोपाठ खड्डे आले की चाक एकदा वर दबल्यावर पुढच्या खड्ड्याआधी परत खाली येतच नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी आणखी खाली बसते आणि शेवटी बंप स्टॉपवर जाते. मालकाला वाटतं स्प्रिंगा मऊ पडल्या, तो त्या आणखी कडक करतो, आणि चुकीच्या दिशेनं आणखी पुढे जातो.

अलीकडच्या काही महाग गाड्यांत शॉकअपची ताकद संगणक बदलतो. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलपासून आलेल्या एका पद्धतीत तर तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात आणि विद्युतचुंबकानं ते तेल क्षणात घट्ट होतं. अशा गाडीत परकी स्प्रिंग घातली तर संगणकाचे हिशेब मूळच्या स्प्रिंगचेच राहतात. त्यात हात घालण्याआधी त्याच गाडीसाठी बनवलेलं किट आहे का ते पाहा.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली तर?

हा प्रकार आपल्याकडेही गॅरेजांमध्ये चालतो, म्हणून स्पष्ट सांगतो: करू नका. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते, हे गणित खरं आहे. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक मोकळं लोंबकळलं, म्हणजे गाडी जॅकवर घेतली किंवा वेगात उंचवट्यावरून उडाली, की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीनं स्प्रिंग तापवून दबवणं त्याहून वाईट. तापवलेल्या भागातल्या पोलादाचा ताव जातो आणि ती तिथे बसकते किंवा तुटते, बहुधा भार सगळ्यात जास्त असताना.

कायद्याचं काय?

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच प्रकारचा नवा लावणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची बदलण्याचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर वादाला जागा राहते.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी वाट जास्त आखलेली आहे. तिथे स्प्रिंगांसोबत त्या विशिष्ट गाडीसाठीचा तांत्रिक अहवाल मिळतो. बसवल्यानंतर गाडी ट्यूफसारख्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडे दाखवून नोंद करून घ्यावी लागते. तो कागद नसलेली स्वस्त स्प्रिंग तिथे शेवटी महागच पडते.

बसवताना बिघडणाऱ्या गोष्टी

दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ऊर्जा असते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि अनुभव नसेल तर हे काम घरी करू नका.

चांगल्या मेकॅनिककडूनही राहून जाते अशी एक गोष्ट आहे. भुजांच्या टोकांना रबराचे बुश असतात. त्यांचं रबर आतल्या-बाहेरच्या लोखंडी नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते पिळ खाऊन हलतं, घसरून नाही. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर रबर त्या स्थितीत जखडलं जातं. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं. गाडी ठरल्यापेक्षा उंच उभी राहते, सस्पेन्शन आखडल्यासारखं चालतं आणि काही महिन्यांत बुश फाटतात. म्हणून बोल्ट आधी हलके लावून घ्यायचे, गाडी चाकांवर उतरवायची आणि पूर्ण वजन पडल्यावरच शेवटचं आवळायचं. गाडी सोपवतानाच मेकॅनिकला हे सांगून ठेवा.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात. त्यामुळे अलाइनमेंट लगेच न करता गाडी थोडी चालवून मग करावी, आणि जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवावी. पुढून-मागून उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही सरकलेला असतो. तोही त्याच फेरीत जुळवून घ्यायचा.